पेंडीतले धन : तेलबियांमधील अँटिऑक्सिडंट पेप्टाइड

(गणेशोत्सवातील सायंकालीन व्याख्यानाचा मजकूर. समितीच्या सूचनेवरून शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरेही दिली आहेत.)



या मंचावर विज्ञानाच्या विषयावर बोलायला नेहमी एखादे प्राध्यापक किंवा डॉक्टर येतात. यंदा समितीने एका डिप्लोमावाल्या इंजिनिअरला उभे केले आहे. रूळ, गर्डर, पावसाळ्यात तुंबणारे यार्ड यांच्याविषयी मी तासभर सहज बोललो असतो. पण आजचा विषय मी स्वतः मागून घेतला, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण घरचे. माझी पुतणी कोलकात्यातल्याच एका प्रयोगशाळेत तेलबियांच्या पेंडीवर काम करते. गावाहून येताना गीतांजली एक्सप्रेसच्या बर्थखाली तिच्यासाठी जवसाच्या ढेपेची पिशवी आणायची जबाबदारी माझी. ओझे वाहणारा माणूस कधीतरी विचारणारच, की बाई गं, या ढेपेचे तू करतेस तरी काय? तिने जे सांगितले आणि दाखवले, ते मी माझ्या भाषेत तुमच्यापुढे ठेवणार आहे.

दुसरे कारण आपल्या सर्वांचे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी 'अँटिऑक्सिडंट' असा शब्द छापलेली एखादी तरी बरणी किंवा डबा असतो. पेन्शनमधून त्यासाठी दरमहा पैसे जातात. त्या शब्दाचा अर्थ काय, आणि त्यापुढे केलेल्या दाव्यांपैकी किती खरे, हे आपल्याला कळायला हवे.

गंज, रंग आणि तेलकट चिंध्या

आम्ही रेल्वेची माणसे नोकरीभर ऑक्सिजनशी भांडत असतो. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो, आणि आपल्या डमडमच्या दमट हवेत दोन्हींचा तुटवडा नाही. म्हणून पुलाच्या गर्डरना रंग आणि ओव्हरहेड तारांच्या खांबांना जस्ताचा मुलामा. हा मुलामा म्हणजे नुसते पांघरूण नव्हे. खांबावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. 'अँटिऑक्सिडंट' म्हणजे काय ते समजायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

दुसरे उदाहरण जवसाच्या तेलाचे. बंगालीत जवसाला तिसी म्हणतात. पूर्वी गर्डरना लावायचा शेंदरी रंग उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवत. हे तेल वाळते ते पाणी उडून जाऊन नव्हे. ते हवेतला ऑक्सिजन शोषते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. जुने रंगारी नव्या पोरांना बजावत असत, की या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. कारण ऑक्सिजन शोषताना उष्णता निघते, ढिगात ती कोंडते आणि काडी न ओढताही चिंध्या पेट घेऊ शकतात.

म्हणजे हे ऑक्सिडीकरण साखळीने चालते. तेलाच्या एका रेणूतून हायड्रोजनचा एक अणू निघून गेला की तो रेणू अस्वस्थ होतो. याला शास्त्रात मुक्त मूलक किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. तो शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, मग शेजारी तेच करतो, आणि हे पुढे चालू राहते. दिवाळीची चकली पंधरा दिवसांत खवट होते ती याच साखळीमुळे. आपल्या शरीरातल्या पेशींची आवरणेही स्निग्ध पदार्थांची असतात, तिथेही ही साखळी सुरू होऊ शकते. जो पदार्थ स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो, पण देऊनही शांत राहतो, तो ही साखळी तोडतो. तो झाला अँटिऑक्सिडंट. काही पदार्थ दुसऱ्या मार्गाने मदत करतात. लोह आणि तांबे यांचे कण या साखळीला चिथावणी देतात, हे पदार्थ त्या कणांना धरून ठेवतात.

ढेप, पेंड, खोल

आमच्या वर्ध्याकडे ढेप म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात पेंड, आणि इथे बंगालमध्ये खोल. घाण्यातून तेल काढल्यावर उरते ते. आपल्यापैकी अनेकांनी मोहरीची खोल पाण्यात भिजवून गच्चीवरच्या डेलियाला घातली असेल. गाईम्हशींनाही आपण हीच घालतो.

या ढेपेत काय असते? तीळ घाण्यात घातले तर वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के तेल निघते. उरलेल्या पेंडीत साधारण चाळीस टक्के प्रथिने असतात. सोयाबीनच्या पेंडीत याहून जास्त, मोहरीच्या आणि जवसाच्या पेंडीत थोडी कमी, पण तिथेही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. डाळीत वीस-पंचवीस टक्के प्रथिने असतात आणि ती आपण ताटात मानाने वाढतो. त्याच्या दीडपट-दुप्पट प्रथिने असलेली वस्तू मात्र गोठ्यात जाते. महाराष्ट्रात लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीनचे एवढे पीक निघते, त्याच्या पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. तेल कसे काढले यावर पेंडीचा दर्जा ठरतो. एक्स्पेलरमध्ये बी फार तापले तर प्रथिने भाजली जातात आणि नंतर पाण्यात नीट विरघळत नाहीत. साध्या घाण्यात उष्णता कमी. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि तिथे झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी पुढे 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. त्या मंडळींच्या डोळ्यांसमोर गावातला तेली आणि गावातले अन्न होते. पेप्टाइडचा विचार तेव्हा तिथे कोणी केला नसेल, पण कमी तापलेली पेंड ही आजच्या प्रयोगशाळेचीही पहिली मागणी असते.

प्रथिन म्हणजे लांबलचक रेक

आता पेप्टाइड. माझ्या सहकाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रथिन म्हणजे एकामागे एक जोडलेल्या डब्यांचा लांब रेक समजा. डब्यांचे प्रकार वीस, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. एका रेकमध्ये शेकडो डबे असतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. हा रेक सरळ उभा नसतो, लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो. म्हणून आतले पुष्कळ डबे बाहेरून दिसतच नाहीत.

डबे सोडवायला पॉइंट्समन लागतो. इथे ते काम विकर करतात, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. प्रत्येक विकराची शिस्त वेगळी. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातले विकर फक्त लायसिन किंवा आर्जिनिन या दोन डब्यांच्या पुढचीच जोडणी सोडते. जठरातले पेप्सिन आम्लातच काम करते. कच्च्या पपईत पपेन असते. इथले लोक मटण मऊ व्हायला कच्ची पपई चोळून ठेवतात, तेव्हा हेच काम चाललेले असते. कारखान्यात बहुधा जिवाणूंपासून मिळवलेले अल्कलेज नावाचे विकर वापरतात. ते फारसा भेदभाव न करता पुष्कळ ठिकाणी तोडते, त्याच्या जातभाईंना कपडे धुण्याच्या पावडरीतही जागा आहे.

तोडून जे दोन, पाच, दहा, वीस डब्यांचे छोटे तुकडे मिळतात, ते पेप्टाइड. गुंड्याच्या आत लपलेले डबे आता उघड्यावर येतात. वीस प्रकारांपैकी हिस्टिडिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, मेथिओनिन असे मोजके डबे हायड्रोजन द्यायला किंवा धातूचा कण धरायला तयार असतात. ते उघडे पडले की तुकड्यात अँटिऑक्सिडंट गुण दिसू लागतो.

ही नुसती कल्पना नाही. १९९५ मध्ये जपानमधल्या चेन, मुरामोतो आणि यामाउची या संशोधकांनी सोयाबीनच्या एका प्रथिनाचे तुकडे करून त्यांतून असे सहा पेप्टाइड वेगळे काढले आणि त्यांच्या डब्यांचा क्रम लावून दाखवला. त्यातला एक फक्त पाच डब्यांचा होता : ल्युसिन, ल्युसिन, प्रोलिन, हिस्टिडिन, हिस्टिडिन. यानंतर तीळ, जवस, मोहरी, सूर्यफूल, करडई, भोपळ्याच्या बिया असे करत जगभर बहुतेक सगळ्या बियांवर असे काम झाले आहे.

प्रयोगशाळेतली कृती

पुतणीच्या प्रयोगशाळेत मी एकदा पूर्ण दिवस बसलो. कृती सांगतो, स्वयंपाकघरातल्या माणसालाही ती परकी वाटणार नाही.

पहिल्यांदा ढेप दळून तिच्यातले उरलेसुरले तेल हेक्झेन या द्रावकाने काढून टाकतात आणि पीठ वाळवतात. ते पीठ दहा ते वीस पट पाण्यात कालवून त्यात थोडा अल्कली घालतात. अशा पाण्यात प्रथिने विरघळतात, चोथा खाली बसतो. वरचे पाणी वेगळे करून त्यात थेंब थेंब आम्ल घालत गेले, की पीएच साडेचारच्या आसपास आल्यावर प्रथिने एकदम फाटून खाली बसतात. मिठाईवाला दुधात आम्ल घालून छाना काढतो, तत्त्व तेच. रसगुल्ल्याच्या गावात हे अधिक समजवायला नको. हा तेलबियांचा छाना धुऊन वाळवला, की जवळजवळ नव्वद टक्के प्रथिने असलेली भुकटी हाती येते.

मग ती भुकटी पुन्हा पाण्यात घालून पीएच आठच्या आसपास, तापमान पन्नास-पंचावन्न अंश, आणि त्यात विकर. काही तास हळूहळू ढवळत ठेवायचे. इथली एक युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. प्रत्येक जोडणी तुटली की पाण्यात किंचित आम्लता येते. पीएच कायम ठेवण्यासाठी वरून अल्कली सोडावा लागतो. किती अल्कली लागला हे मोजले, की किती जोडण्या तुटल्या ते कळते. आत न डोकावता हिशेब हाती. हवे तेवढे तुकडे झाले की नव्वद अंशांच्या आसपास तापवून विकराचे काम थांबवतात. हे वेळेवर केले नाही तर तुकड्यांचेही तुकडे होतात आणि चवही बिघडते, कारण काही तुकडे कडूजहर असतात.

शेवटी गाळणी. अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून मोठे तुकडे अडवून लहान तुकडे पुढे सोडायचे. त्यांतून आणखी निवड करत करत एकेक पेप्टाइड वेगळा काढायचा आणि शेवटी वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर त्याच्या डब्यांचा क्रम वाचायचा. किलोभर पिठापासून सुरुवात केली तरी या टोकाला हाती लागतात ते मिलिग्रॅम. पेप्टाइडची बातमी छापून येते तेव्हा त्यामागे एवढी चाळण असते.

जांभळ्याचे पिवळे

आता हा गुण मोजायचा कसा? सर्वांत प्रसिद्ध परीक्षा डीपीपीएच नावाच्या रसायनाची. हे स्वतःच एक टिकाऊ मुक्त मूलक आहे आणि त्याचा रंग गर्द जांभळा. त्यात पेप्टाइडचे पाणी घातले आणि पेप्टाइडने हायड्रोजन दिला, तर जांभळा रंग उतरून फिकट पिवळा होतो. किती उतरला ते यंत्र आकड्यात सांगते. याशिवाय निळसर-हिरव्या रंगाची एक परीक्षा आहे, लोहकण धरण्याची आहे, आणि तेलाच्या मिश्रणात खवटपणा किती लांबतो ते पाहण्याची आहे.

डोळ्यांदेखत रंग बदलताना पाहून कोणीही हरखून जाईल, मीही हरखलो. पुतणी म्हणाली, "काका, हे काचेच्या नळीत झाले, माणसात नाही." आजच्या भाषणातून घरी न्यायची गोष्ट हीच.

अमेरिकेच्या कृषी खात्याने एके काळी निरनिराळ्या पदार्थांची अँटिऑक्सिडंट शक्ती आकड्यांत देणारी मोठी यादी प्रसिद्ध केली होती. कंपन्या ते आकडे डब्यांवर छापू लागल्या. २०१२ मध्ये त्या खात्याने यादी मागे घेतली. कारण त्यांनीच सांगितले : आकड्यांचा गैरवापर होत आहे, आणि नळीतला आकडा माणसाच्या शरीरात काय घडते ते सांगत नाही.

का सांगत नाही? पेप्टाइड तोंडातून पोटात गेला की तिथे पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन बसलेलेच आहेत. आपण मेहनतीने निवडलेला दहा डब्यांचा तुकडा ते आणखी तोडतात. आतड्याच्या भिंतीतून मुख्यतः सुटे डबे आणि दोन-तीन डब्यांचे तुकडेच आत घेतले जातात. रक्तातही तोडणारी विकरे आहेत. उरून रक्तात पोहोचते ते प्रमाण नळीत वापरलेल्या प्रमाणापुढे नगण्य असते. म्हणून नळीनंतर पेशी, पेशींनंतर प्राणी, प्राण्यांनंतर माणसांवरच्या रीतसर चाचण्या, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बियांच्या अँटिऑक्सिडंट पेप्टाइडांचे बहुतेक काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर आहे.

आणि अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन हा गाजरातला अँटिऑक्सिडंट गोळीच्या रूपात दिला तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली. याचा अर्थ गाजर वाईट असा नाही. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला याच मुक्त मूलकांचा उपयोग करतात. सगळी आग विझवून टाकली तर चूलही विझते.

आपल्यातल्याच एका निवृत्त सहकाऱ्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. कोणा विक्रेत्याने त्यांना बियांच्या पेप्टाइडच्या कॅप्सूल दिल्या आणि यानंतर रक्तदाबाच्या गोळीची गरज नाही असे सांगितले. त्यांनी गोळी बंद केली. पाच आठवड्यांनी स्टेशनच्या जिन्यावर घेरी येऊन पडले. नशिबाने मनगटावर निभावले. कॅप्सूलमध्ये विष नव्हते, अपाय झाला तो औषध सोडल्यामुळे.

एकच प्रयोगशाळा, एक मराठी आणि एक बंगाली

आपल्या शरीरात स्वतःचा असा एक अँटिऑक्सिडंट पेप्टाइड आहे, हे किती जणांना माहीत आहे? त्याचे नाव ग्लुटाथायोन. डबे फक्त तीन : ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन. जवळजवळ प्रत्येक पेशी तो स्वतः तयार करते आणि भरपूर प्रमाणात बाळगते. १९२१ मध्ये तो वेगळा काढून त्याचे महत्त्व दाखवले केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी. त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल.

या हॉपकिन्स यांच्या हाताखाली एक बंगाली तरुण शिकला, बीरेशचंद्र गुहा. परत येऊन ते कलकत्ता विद्यापीठात उपयोजित रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत असताना त्यांनी शेंगदाणे, सोयाबीन अशा बियांपासून वनस्पती-दूध तयार करण्याचे काम हाती घेतले. बियांतले प्रथिन माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचवायचे, हा प्रश्न या शहराने असा जिवावर बेतलेल्या रूपात पाहिला आहे.

त्याच हॉपकिन्स यांच्या विभागात १९३७ च्या सुमारास एक मराठी मुलगी दाखल झाली. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा संचालक होते सर सी. व्ही. रामन, आपल्या बहूबाजारात रामन परिणामाचा शोध लावून नुकतेच तिकडे गेलेले. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारख करण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि वर्षाने रामन यांचे मत बदलले. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा ऑक्सिडीकरणाच्या कामातला दुवा असतो हे दाखवले आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत परतल्यावर त्यांनी जे केले ते आजच्या विषयाला थेट भिडते. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात, म्हणजे पॉइंट्समनचे हात बांधून ठेवणारे. १९५५ मध्ये कमलाबाई आणि त्यांचे सहकारी अंबे यांनी आपल्या वालातून आणि डबल बीनमधून हे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाल नीट शिजवायला हवेत हे आजीला अनुभवाने ठाऊक होते, त्यामागचे रसायन या मराठी बाईंनी दाखवले. बी खाल्ले म्हणजे त्यातले प्रथिन मिळालेच असे नाही, ते तुटले पाहिजे, हा या सगळ्या पेप्टाइड संशोधनाचा पाया आहे.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत उतरल्या. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्षा होत्या आणि भेसळ कशी ओळखावी, माल कसा पारखावा यावर लिहीत. १९९८ मध्ये त्या गेल्या. प्रथिनांची एवढी जाणकार बाई आयुष्याच्या उत्तरार्धात गृहिणींना डब्यावरची अक्षरे वाचायला शिकवत होती, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

मग उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. पहिला उपयोग अन्न टिकवण्याचा. तेल, फरसाण, बिस्किटे खवट होऊ नयेत म्हणून आज टीबीएचक्यू, बीएचए अशी कृत्रिम रसायने मर्यादित प्रमाणात वापरतात. त्या जागी बियांचेच पेप्टाइड वापरता येतील का, हा प्रश्न काचेच्या नळीतल्या परीक्षेशी थेट जुळतो, कारण तेलाचा डबा म्हणजे एक मोठी नळीच. अडचणी आहेत : कडवटपणा, खर्च, आणि तीळ किंवा शेंगदाणा न सोसणाऱ्यांचा धोका. पण हे सोडवता येण्याजोगे प्रश्न आहेत. दुसरा उपयोग शेतकऱ्याचा. गोठ्यात जाणारी पेंड माणसाच्या अन्नाच्या दर्जाची झाली, तर करडई-जवसासारख्या मागे पडलेल्या पिकांना भाव येऊ शकेल.

आणि आपल्या ताटासाठी? पेशी ग्लुटाथायोन बनवतात त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. तिळाच्या प्रथिनात मेथिओनिन चांगले असते, पण लायसिन कमी. डाळीत नेमके उलटे. डाळ-भात, भाकरी आणि वर तिळाची किंवा जवसाची चटणी, हे ताट एकमेकांची उणीव भरून काढणारे आहे. ट्रिप्सिन आपल्याच पोटात फुकट मिळते.

बरणी घ्यायचीच असेल, तर चार गोष्टी बघा. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का. 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना अशा पूरक पदार्थांवर छापणे बंधनकारक आहे, ती वाचा, आणि ती छापूनही विक्रेता तोंडाने रोग बरा करत असेल तर त्याला दार दाखवा. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि घरात कोणाची कर्करोगावरची किमोथेरपी चालू असेल, तर कोणताही अँटिऑक्सिडंट डॉक्टरांच्या संमतीशिवाय देऊ नका.



श्रोत्यांचे प्रश्न

जवस, कारळे भाजून चटणी केली तर त्यातली प्रथिने मरतात का?

काकू, प्रथिने मुळात जिवंत नसतात, त्यामुळे मरत नाहीत. भाजल्याने त्यांचा गुंडा सैल होतो आणि पचायला सोपे जाते. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात, भाजल्याने ती कमी होतात. मात्र करपू देऊ नका. आणि कुटलेले जवस लवकर खवट होतात, तेव्हा चटणी थोडी थोडी करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

घाण्यावरची खोल आणून घरी तिचे पीठ वापरले तर?

नको. मोहरीच्या खोलीत तिखट-कडू द्रव्ये असतात आणि ती माणसासाठी स्वच्छ जागी ठेवलेली नसते. शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशा पेंडीमुळे लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हाच हे विष जगाला कळले. कुंडीसाठीच खोल आणा.

मी बारावीत आहे. या विषयात काम करायचे तर काय शिकावे?

जीवरसायन, अन्नतंत्रज्ञान किंवा केमिकल इंजिनिअरिंग, तिन्ही वाटा इथे येतात. आपल्या शहरात जादवपूर विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचा विभाग आहे. महाराष्ट्रात मुंबईची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरचे लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ तेलबियांच्या कामासाठी जुनी नावाजलेली, आणि म्हैसूरला केंद्र सरकारची अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. डिप्लोमा करणाऱ्यांनीही मागे राहू नये. पडदे, पंप, सेंट्रिफ्यूज, ड्रायर चालवणारा माणूस नसेल तर पेप्टाइड मिलिग्रॅमचा किलो कधीच होणार नाही. पुतणीच्या प्रयोगशाळेत एखादा दिवस बसायचे असेल तर मला सांग, मी तिला विचारतो.